लाल कौलांच्या घराला बाहेरून कोणता रंग द्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना लागला की कोकणात दोन कामं निघतात, शाकारणी (फुटकी कौलं बदलून छप्पर नीट करणं) आणि रंगकाम. शाकारणीत काय करायचं ते करणाऱ्याला ठाऊक असतं. रंगाचं तसं नाही. मुंबईचा भाऊ फोनवरून एक शेड सांगतो, गावातला दुसरी, आणि शेवटी दुकानात जो डबा तयार असतो तो टेम्पोत चढतो. आमचं घर कुडाळजवळ आहे, चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं), मंगलोरी कौलांचं, निम्मं आमच्या आणि निम्मं चुलत्यांच्या वाटणीचं. ते आजवर तीनदा रंगवून घेतलं, त्यात एकदा सपशेल चुकलं. त्यानंतर नातेवाईक आणि वाडीतले लोक हेच प्रश्न विचारत राहिले, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. माझा सगळा हिशेब एकाच गोष्टीवर चालतो: रंग निवडायचा तो ऑगस्टमधल्या घरासाठी. मे महिन्यात कुठलंही घर छान दिसतं.

फार वेळ नाही. थेट सांगा, कोणता रंग?

पिवडीचा (पिवळ्या मातीचा) मऊ पिवळा, सायीसारखा पांढरा किंवा उबदार पारवा. खाली जोत्याला काव (तांबडी माती) किंवा आमसुली पट्टा. दारं-खिडक्या लाकडाच्या असतील तर लाकडाच्याच रंगात. यातलं काहीही घ्या, घर वाईट दिसणार नाही. का ते पुढे आहे.

छप्पर लाल आहे, एवढं पुरे नाही का?

पुरे नाही, कारण लाल छपरं निदान चार प्रकारची आहेत आणि प्रत्येकाला वेगळी भिंत लागते.

खरं मंगलोरी कौल लाल कमी आणि नारिंगी-तपकिरी जास्त असतं. बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट या जर्मन मिशनऱ्याने १८६५ मध्ये मंगळुरात या कौलांचा पहिला कारखाना काढला आणि तिथल्या नद्यांकाठची चिकणमाती भट्टीत भाजून केलेली ही कौलं पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पोचली. मातीतल्या लोहामुळे भाजल्यावर त्यांना तो तांबडा रंग येतो. नवं कौल गाजरासारखं दिसतं, पाच-सात पावसाळे खाल्लेलं कौल काळपट, त्यावर कडेने शेवाळ. शाकारणीत फुटकी काढून नवी बसवली की पाख्यावर ठिगळं दिसतात. त्यातच मधे एखादं काचेचं कौल. म्हणजे तुमचं छप्पर एका रंगाचं नाहीच.

दुसरा प्रकार कौलांच्या आकाराच्या रंगीत पत्र्याचा. तो बहुतेक वेळा मरून असतो, म्हणजे लालात निळ्याची झाक. त्याच्याखाली पिवडी थोडी कोंदट वाटते. पारवा किंवा निळसर झाक असलेला पांढरा बरा. तिसरा प्रकार स्लॅबवर चिकटवलेल्या चकचकीत कौलांचा, चौथा रंग मारलेल्या जुन्या कौलांचा.

मी लोकांना एकच सांगतो. परसात जुन्या कौलांचा ढीग असतोच, त्यातलं एक धुऊन पिशवीत घाला आणि रंगाच्या दुकानात न्या. शेड कार्ड त्या कौलावर ठेवून बघा, दुकानाबाहेर, उन्हात. दुकानदार हसेल. हसू दे.

पांढरा रंग सर्वांत सोपा नाही का? लाल-पांढरं कायम शोभतं.

शोभतं हे खरं, आणि त्याला मोठी परंपराही आहे. गोवा, सिंधुदुर्ग आणि कारवारकडच्या देवळांवरचं कावी काम आठवा. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या कावेची नक्षी, वर कौलारू छप्पर. डोळ्यांना याहून थंड जोडी मला माहीत नाही. गोव्यात पोर्तुगीज अमलात शुभ्र पांढरा रंग चर्चसाठी राखलेला होता आणि घरांना रंग द्यावा लागे, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये फिरताना पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंती आणि त्यांच्या कडेने पांढऱ्या रेघा दिसतात. तिथे पांढरा भिंतीवर नाही, काठावर आहे. ही युक्ती आपल्याकडे कुणी फारशी उचलत नाही याचं मला नवल वाटतं.

अडचण पावसाची. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पागोळ्यांचं पाणी खळ्यातल्या तांबड्या मातीवर आपटतं आणि शिंतोडे भिंतीवर येतात. उत्तरेकडच्या भिंतीवर हिरवं येतं, मग ते काळं होतं. देवळाला दरवर्षी चुना मिळायचा, तुमच्या घराला तो मिळणार आहे का? नसेल तर शुभ्र पांढऱ्याऐवजी सायीचा किंवा मोतिया घ्या. रस्त्यावरून तो पांढराच दिसतो.

आणखी एक गंमत बघा. तांबड्या मातीच्या अंगणावरून ऊन परतून भिंतीवर येतं, तेव्हा पांढरी भिंत खालच्या बाजूला गुलाबी दिसते. दुपारी तीनच्या सुमाराला आमच्या पडवीची भिंत अशी लाजल्यासारखी होते. रंगाऱ्याने शेड चुकवली म्हणून एकाने वाद घातला होता. शेड बरोबर होती, माती तांबडी होती.

पिवळा चालेल का? भडक तर नाही होणार?

पिवळ्या-पिवळ्यात फरक आहे. लिंबाचा पिवळा भडक होतोच, शिवाय तो टिकत नाही. चमकदार पिवळे, लाल आणि जांभळे रंग बऱ्याचदा सेंद्रिय रंगद्रव्यांनी बनतात आणि त्यातले स्वस्तातले उन्हात लवकर विटतात. नव्या सिमेंटच्या गिलाव्यातला क्षारही त्यातल्या काहींना खातो. म्हणून नवा गिलावा निदान चार आठवडे वाळू द्यावा.

पिवडीचं तसं नाही. पिवडी, काव, गेरू ही सगळी लोहाची ऑक्साइडं आहेत, ऊन-पावसाला दाद न देणारी. कौलातला रंग लोहाचा, चिऱ्यातला लोहाचा, अंगणातल्या मातीतला लोहाचा. पिवडी भट्टीत भाजली तर ती तांबडी होते, म्हणजे ती कौलाची न भाजलेली बहीणच. जुन्या लोकांनी हे पुस्तकात वाचलं नव्हतं, चुन्यात पिवडी कालवून भिंतीला फासली आणि ती छपराखाली बरोबर बसली. आमच्या घराचा सध्याचा रंग हाच आहे.

दुकानात पिवडी म्हणून मागू नका, तरुण मुलं गोंधळतात. ऑकरच्या गटातली फिकट शेड मागा. कार्डावर जी जराशी मळकट, मातकट वाटते तीच बाहेर नीट दिसते.

सगळीकडे राखाडी घरं दिसतात. लाल कौलांना राखाडी?

घ्या, पण जपून. लालाशेजारी राखाडी ठेवला की डोळ्याला तो हिरवट-निळसर भासतो. हा डोळ्याचा स्वभाव आहे. पॅरिसच्या गोबेलीन कारखान्यात रंगाई सांभाळणारा रसायनतज्ज्ञ शेव्हरल याने १८३९ मध्ये यावर सविस्तर लिहून ठेवलंय. गालिच्यातला काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली, आणि त्याला आढळलं की धागा ठीक आहे, शेजारचा रंग त्याला बदलतो आहे.

तेव्हा कार्डावर जो निव्वळ राखाडी दिसतो तो छपराखाली थंडगार, सिमेंटसारखा होईल आणि पावसाळी आभाळाखाली तर घर अर्धवट बांधलेलं वाटेल. थोडी तपकिरी झाक असलेला पारवा घ्या. पारव्याच्या पाठीचा रंग आठवा आणि त्यात चमचाभर चहा घाला.

काळपट राखाडी मात्र नको. गडद भिंत उन्हात जास्त तापते आणि पश्चिमेकडच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये ते कळतं.

हिरवा आणि निळा हे लालाचे विरुद्ध रंग ना? मग तेच सर्वांत उठून दिसतील.

उठून दिसतील, हाच प्रश्न आहे. घराभोवती माड-पोफळी, आंबा, फणस, पावसाळ्यात तर गडग्यावरही हिरवळ. एवढा हिरवा आधीच आहे. पोपटी भिंत त्याच्याशी स्पर्धा करते आणि हरते, कारण झाडांचा हिरवा दर महिन्याला बदलतो आणि तुमचा डब्यातला एकाच जागी असतो. शेवाळी रंग चालतो, विशेषतः झाडं कमी असलेल्या, रस्त्यालगतच्या घराला. त्याचा दुसरा फायदा तुम्ही ओळखलाच असेल: खरं शेवाळ आलं तरी पटकन कळत नाही.

निळ्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. फिकट आकाशी लाल छपराखाली पोरकट दिसतो, पण निळीचा गडद निळा, पांढऱ्या काठांसह, गोव्यात किती देखणा दिसतो ते पाहिलंच असेल. त्याला हिंमत लागते, आणि काठाच्या रेघा सरळ मारणारा रंगारी लागतो. दोन्हींपैकी एकही नसेल तर निळा फक्त खिडक्यांना द्या.

तुम्ही म्हणालात एकदा चुकलं. काय चुकलं होतं?

अबोली. कार्डावर इतका गोड दिसला की घरातल्या सगळ्यांनी एकमताने पसंत केला, आणि आमच्या घरात एकमत होतं तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. कार्डावरचा तुकडा बोटभर, भिंत हजार फूट. मोठ्या भिंतीवर रंग जास्त उजळ आणि जास्त भडक होतो. त्यात वर नारिंगी कौलं, खाली तांबडी माती, दोन्हींची झाक मधल्या भिंतीवर. अख्खं घर खोडरबराच्या रंगाचं झालं. चार पावसाळे तसंच काढलं. टपाल आणणारा पत्ता न वाचता यायचा, एवढाच फायदा.

गुलाबी, अबोली, पीच, फिका नारिंगी हे रंग कौलाच्या फार जवळचे आहेत आणि तरी कौलाचे नाहीत. शेजारी बसले की एकमेकांना मळवतात.

नमुना कसा बघायचा?

छोटा डबा आणा आणि भिंतीवर निदान ३ फूट बाय ३ फुटाचा चौकोन रंगवा. दोन हात द्या, एका हातावर निर्णय घेऊ नका. एक चौकोन दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीवर, एक उत्तरेच्या, आणि दोन्ही अगदी वळचणीखाली, कौलांच्या सावलीत. सकाळी, दुपारी आणि दिवे लागणीच्या वेळी बघा. मग बादलीभर पाणी मारा आणि ओला असताना बघा, कारण चार महिने तो तसाच दिसणार आहे. शेवटी फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन बघा.

काही कार्डांवर शेडमागे एलआरव्ही असा आकडा असतो. रंग किती उजेड परतवतो ते त्यावरून समजतं. शून्याजवळ काळा, शंभराजवळ पांढरा. कौलारू घराच्या भिंतीला मी साधारण ५५ ते ७५ मधला घेतो. वर गेलं की डाग बोलतात, खाली गेलं की पडवीत अंधार.

चिरा उघडाच ठेवला तर? वर लाल, खाली लाल, फार होईल का?

चिरा चांगला असेल तर त्यावर रंग मारणं हा गुन्हा आहे, असं माझं प्रामाणिक मत. चिरा एकसारखा लाल नसतो, त्यात पिवळे, जांभळट ठिपके असतात, भोकं असतात, म्हणून तो कौलाखाली जड होत नाही. मात्र दरजा, म्हणजे दोन चिऱ्यांमधले सांधे, सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवू शकतात. करड्या सिमेंटने जाड दरजा भरल्या की भिंत वहीच्या चौकटीसारखी दिसते. दरजा बारीक आणि आत दाबून घ्या, मालात थोडी काव किंवा चिऱ्याची भुकटी मिसळा.

वरून चकचकीत वॉर्निश नको. चिरा ओला झाल्यासारखा चमकतो, आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडता येत नाही आणि मग पापुद्रे सुटतात. पाणी झटकणारं, पण भिंतीला श्वास घेऊ देणारं सिलिकॉनयुक्त द्रव्य मिळतं, ते द्या. सगळं घर उघड्या चिऱ्याचं नको असेल तर समोरची भिंत चिऱ्याची आणि बाकी तीन सायीच्या, ही जोडी छान बसते.

जोत्याचा पट्टा खरंच लागतो का? जुनाट वाटतो.

लागतो. जोत्यापासून दीड-दोन फूट उंच, चारही बाजूंनी. आमच्या मागच्या रंगकामात पुतण्याच्या हट्टाने पट्टा गाळला होता. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत भिंतीवर मातीचे शिंतोडे असे उडाले होते, जणू कुणी ब्रश झटकला. निसर्गाने स्वतःच पट्टा मारून दिला, फक्त काठ वेडावाकडा. दिवाळीत काव आणून आम्ही सरळ केला.

रंग तुमच्या मातीचाच निवडा. मूठभर ओली माती भिंतीला लावून बघितली की कळतं. आमसुली, गेरू, काव यांपैकी काहीतरी जुळतंच. काळा पट्टा शहरात ठीक, तांबड्या मातीत त्यावर शिंतोडे उलट उठून दिसतात.

दारं, खिडक्या, खांब, वासे?

सागवान-फणसाचं लाकूड असेल तर ऑइल पेंट खरडून काढा आणि तेल द्या. वाशांना आणि रिपांना काजूच्या टरफलाचं तेल देण्याची पद्धत कोकणात आहे, वाळवीसाठी, आणि त्याचा काळसर तपकिरी रंग कौलाखाली फार शोभतो. लोखंडी ग्रिलला चकचकीत सोनेरी रंग नको, एवढीच विनंती.

जुनं मातीच्या, चुन्याच्या भिंतींचं घर आहे. महागातलं इमल्शन दिलं तर जास्त टिकेल ना?

कमी टिकेल. अशा भिंती जमिनीतली ओल वर घेतात आणि बाहेर सोडतात. त्यावर प्लॅस्टिकसारखा थर बसला की ओल मागे अडकते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) येतो, फुगवटे धरतात, पोपडे सुटतात. गिऱ्हाईक कंपनीला शिव्या देतं, चूक भिंत न ओळखण्याची असते. या घरांना चुनाच द्या, डिंक घालून, रंगासाठी पिवडी किंवा काव. ओला असताना चुन्याचा रंग बराच गडद दिसतो, वाळल्यावर फिका पडतो, तेव्हा बादलीत बघून घाबरू नका. दर एक-दोन वर्षांनी हात मारावा लागेल, पण खरडावं लागणार नाही.

रंगकाम कधी काढावं? गणपतीला घर चकाचक हवंय.

इथेच सगळ्यांचं गणित फसतं. गणपती येतात भाद्रपदात, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर. तोवर मे महिन्यातल्या रंगाने अडीच-तीन महिने मार खाल्लेला असतो आणि जुलैत बाहेरून रंगवणं म्हणजे पैसे पागोळ्यांत सोडणं.

बाहेरचं काम पावसाळा संपून भिंती सुकल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा. जमलंच नाही तर एप्रिल-मेमध्ये, पण आधी शाकारणी, मग रंग. उलट केलंत तर कौलांची धूळ आणि शेवाळाचे ओघळ नव्या भिंतीवर उतरतील. शिवाय पाऊस येण्याआधी दोन आठवडे मोकळे ठेवा. भर दुपारी तापलेल्या भिंतीवर ब्रश लावू देऊ नका, रंग पसरण्याआधी सुकतो आणि पट्टे दिसतात. गणपतीसाठी पडवी, पुढचं दार आणि आतली खोली तेवढी ऑगस्टच्या सुरुवातीला उघडीप बघून करून घ्या. पाहुण्यांची नजर तिथेच असते.

शेवाळावरून रंग मारला तर झाकलं जाईल ना?

वर्षभर. ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून वरची निवळी भिंतीला लावा, पंधरा-वीस मिनिटांनी ताठ ब्रशने घासून धुवा. हातमोजे घाला, ॲसिडसोबत चुकूनही मिसळू नका, आणि तुळशीवर ओघळ जाऊ देऊ नका, नाहीतर घरात वेगळाच विषय सुरू होईल. भिंत पूर्ण वाळू द्या, मग बुरशीरोधक प्रायमर, मग रंग.

रंग किती आणायचा?

३० बाय २४ फुटांचं घर, भिंत १० फूट उंच. चार बाजू मिळून १०८ फूट, म्हणजे १,०८० चौरस फूट. दारं-खिडक्यांचे दीडशे वजा केले की ९३०. बाहेरच्या इमल्शनचा एक लिटर दोन हातांत साधारण ५० ते ६० चौरस फूट जातो, म्हणजे १७ लिटरच्या आसपास. दोन्ही बाजूंचे आढ्याखालचे त्रिकोण लोक विसरतात, ते धरून २० लिटरची बादली येईल. खरबरीत गिलावा जास्त पितो. दोन डबे लागले तर ते एकत्र ओतून ढवळून घ्या, दोन डब्यांतली शेड उन्हात हमखास वेगळी दिसते.

कौलांनाच रंग मारला तर?

गळकी किंवा अर्धी-अर्धी नवी-जुनी कौलं एकसारखी दिसावीत म्हणून लोक मारतात. मी मारत नाही. पहिल्या वर्षी छप्पर प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखं दिसतं, तिसऱ्या वर्षी सालपटं सुटतात आणि मग दर वेळी मारावाच लागतो. धुऊन घ्या, फुटकी बदला. गळती रंगाने थांबत नाही.

समाईक घर आहे. आम्हाला एक रंग हवा, चुलत्यांना दुसरा.

हा प्रश्न कुणी लिहून विचारत नाही, चहा पिताना हळूच काढतात. एकाच आढ्याखाली अर्धं घर गुलाबी आणि अर्धं पोपटी, मधे वरपासून खालपर्यंत सरळ रेघ, असं दृश्य प्रत्येक वाडीत एक तरी असतं. एकाच रंगावर सगळ्यांना आणण्याच्या भानगडीत पडू नका. जोत्याचा पट्टा आणि खिडक्यांचा रंग एक ठेवायला तयार करा, त्यावर सहसा कुणी अडत नाही. वर कौलं एकच, खाली पट्टा एकच, मग मधल्या दोन भिंती वेगळ्या असल्या तरी घर एक दिसतं, फक्त दोन्ही शेड सारख्याच फिक्या हव्यात. आमच्याकडे चुलत्यांची बाजू पारवी आहे, आमची पिवडी. जिथे दोन रंग मिळतात ती रेघ पन्हळीच्या पाइपामागे घ्यायला रंगाऱ्याला सांगितलं होतं. रस्त्यावरून ती दिसत नाही.